घोड्याला पाय लावताना

जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या कारखान्यातलं नवऱ्याचं कंत्राट त्या उन्हाळ्यात संपत होतं. ते वाढवायचं नाही, पुण्याला परत जायचं, हे आमचं दोघांचं ठरलं होतं. इथेच वाढलेल्या दहा वर्षांच्या लेकीला तेवढं सांगायचं राहिलं होतं. सांगणार कोण? अर्थात मी. म्हणून आधी तिच्या आवडीचं काहीतरी करावं आणि मग हळूच विषय काढावा, असा कावा मी रचला. ती दर शनिवारी जिथे घोडेस्वारी शिकायची, त्या डोंगरातल्या फार्मतर्फे निघणाऱ्या दोन दिवसांच्या रपेटीत मी आम्हा दोघींची नावं घातली.

फार्मची मालकीण तरुणपणी ऑस्ट्रेलियात, शेजारी गाठायलाही अर्धा दिवस लागेल अशा गुरांच्या फार्मवर राहिलेली होती. तिचे नियम तिथलेच. मुक्कामी पोचलं की आधी खोगीर उतरवायचं, घोड्याला पाणी आणि चारा द्यायचा, माणसांची कॉफी त्यानंतर. बाई मला एकदम पटली.

घोड्याशी मात्र जमेना. तो म्हातारा, गरीब स्वभावाचा, पण टाच लावल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. आणि माझा पाय लागला की हात आपोआप त्याच्या मानेला लागून माझ्या कपाळाशी जायचा. जिवाला पाय लागला तर नमस्कार करायचा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. हात वर गेला की लगाम ओढला जायचा आणि घोडा थांबायचा. पुन्हा टाच, पुन्हा नमस्कार. बाकीचे झाडीत दिसेनासे झाले तरी आमचं ये रे माझ्या मागल्या चालूच.

लेक मागे वळून आली. ओशाळली असेल, चिडेल, असं वाटलं होतं. तिने शांतपणे समजावलं की घोड्याला राग येत नाही, त्याला फक्त कुठे जायचं ते कळायला हवं. मग माझ्या घोड्याची दोरी हातात घेऊन तिने मला मुक्कामापर्यंत नेलं. पुढे तिची ताठ पाठ दिसत होती. मला तिचा फार अभिमान वाटला आणि सांगायचं होतं ते आणखीच अवघड झालं.

संध्याकाळी ती घोड्याला खरारा करत असताना मी सांगून टाकलं. आजी-आजोबा, आंबे, तिची स्वतंत्र खोली, पुण्यातही घोडेस्वारी शिकवतात, सगळं एका दमात. आपण आता घरी परत जाणार, म्हटलं.

तिचा हात थांबला नाही. मला वाटलं, निभावलं.

"आल्झो, म्हणजे तुम्ही घरी जाताय," ती म्हणाली. "मी घर सोडून जातेय."

मी बादली उचलली आणि पाणी आणायच्या निमित्ताने नळाशी जाऊन उभी राहिले. तिचं काहीच चुकत नव्हतं. आणि तरीही आम्ही जाणारच होतो.