स्ट्रॉबेरीचा मेथांबा

हा किस्सा तुम्ही माझ्या मामांच्या तोंडून ऐकला असेल, तर आधी तो विसरा. कुठल्याही लग्नात पंगत बसली की मामा तो सांगतात आणि दर वेळी त्यात एक क्रेट वाढवतात. फजिती झाली, हे मला मान्य आहे. पण चूक माझी एकट्याची होती, हे मला आजही मान्य नाही. चहा घ्या, सांगतो.

तेव्हा मी अंबडला एका कारखान्यात लेथवर होतो. मोबाइल फक्त सुपरवायझरकडे असायचा, असे ते दिवस. मी इतका लाजाळू, की कॅन्टीनमध्ये ताटात भाजी पडली नाही तरी कोरडी पोळी खाऊन उठायचो. अशा माणसासाठी मामांनी स्थळ आणलं. गंगापूर धरणाच्या पुढे शेती असलेलं घर, मुलगी वैशाली, बारावी झालेली.

आणि मी आठवीत शाळा सोडलेला. मामांनी तिकडे 'मुलगा मेकॅनिकल लाइनला आहे' एवढंच सांगितलं होतं. आता लेथ काही मेकॅनिकल लाइनच्या बाहेर नसतो. पण मला एकाच प्रश्नाची धास्ती होती. शिक्षण किती? मुलीने तो विचारला की स्थळ गेलं. आणि खरं सांगतो, पोहे घेऊन येताना तिच्या बांगड्या वाजल्या तेव्हाच मला ते स्थळ जायला नको होतं.

पोहे मी बशीकडे बघत संपवले. मुलीच्या वडिलांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांनी त्या साली पहिल्यांदाच स्ट्रॉबेरी लावली होती, त्यामुळे आल्यागेल्याला ती दाखवायची त्यांना भारी हौस. त्यांनी एक रिकामी पाटी माझ्या हातात दिली आणि वैशालीला म्हणाले, "पाहुण्यांना शेत दाखव. थोडी तोडून आणा दोघं."

तुम्हाला लगेच कळलं असेल, की पाटी हे निमित्त होतं. दोघांनी बाजूला जाऊन चार शब्द बोलावेत, म्हणून. मला कसं कळणार? शेतकऱ्याच्या घरी हातात पाटी दिली, तर तिचा अर्थ 'भर' असाच होतो. मला वाटलं, जावई कामाचा आहे का, ते बघतायत.

मग काय, लागलो कामाला.

स्ट्रॉबेरी मी तोवर फक्त बिस्किटाच्या पुड्यावर पाहिली होती. पण आमचं गाव चांदवडकडचं, टोमॅटो तोडण्यात लहानपण गेलेलं. टोमॅटो तोडताना देठ काढून टाकायचं असतं, नाही तर ते क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतं. हे माझ्या बोटांना इतकं पाठ, की प्रत्येक स्ट्रॉबेरीची हिरवी टोपी मी नखाने अलगद उडवत गेलो. किती निगुतीने काम केलं म्हणून सांगू!

मागून वैशाली म्हणाली, "अहो, ऐका ना."

झालं, आला प्रश्न. मी पुढच्या वाफ्याला सरकलो.

"अहो, जरा थांबता का?"

मी वेग वाढवला. ती जितक्यांदा 'अहो' म्हणाली, तितके वाफे मी पुढे गेलो. पाटी भरली तेव्हा बांधावरचा क्रेट ओढून घेतला. शेवटी ती बिचारी बांधावर जाऊन बसली आणि मी शेताच्या त्या टोकाला पोचलो.

क्रेट खांद्यावर घेऊन अंगणात आलो, तेव्हा मामांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. तात्यांनी मात्र दोन फळं उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

"देठं कुठं गेली?"

"काढली," मी म्हणालो. त्या घरात मी उच्चारलेला हा पहिला शब्द.

तात्या खाटेवर बसले. मग त्यांनी शांतपणे समजावलं, की देठाबिगर हे फळ रातभर टिकत नाय, आणि हा सगळा माल उद्या सकाळी गंगापूर रोडच्या दुकानात जायचा हाय. म्हणजे, होता. वैशाली म्हणाली, "मी तेच सांगत होते." मामांनी घाईघाईने सारवासारव केली. "पोरगं जरा साधं आहे."

इथे माझं डोकं फिरलं. साधं? एवढं काम करून साधं?

"माल वाया जाणार नाही," मी म्हणालो. "मी शिजवतो."

"दत्तू, गप बस. आपण मुलगी बघायला आलोय."

"मी आठवीत शाळा सोडलीये," मी तात्यांना सांगून टाकलं, "पण खोलीवर सहा जणांचा स्वयंपाक मीच करतो. मोठं पातेलं द्या."

कोणी काही बोलायच्या आत मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो. आई कैरीचा मेथांबा करायची, तसाच केला. तेलात मोहरी, मेथ्या, हिंग, वर हळद-तिखट, मग क्रेटभर स्ट्रॉबेरी आणि गूळ. कैरीच्या फोडी धरून राहतात. स्ट्रॉबेरीने दोन मिनिटांत जीव सोडला. पातेल्यात लालभडक रस्सा रटरटायला लागला आणि काकू, म्हणजे वैशालीची आई, पदराने नाक धरून परसात गेल्या. मी ढवळत राहिलो. माघार कशाला घ्यायची?

जेवायला सगळ्यांना बाजरीच्या भाकरीबरोबर तोच वाढला. तात्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही. मी दोनदा मागून घेतला, उगाच नाही. मामा म्हणतात, उरलेला मेथांबा कुत्र्याने संपवला. संपवला ना? मग? कुत्र्याला चव कळत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

आठवड्याने होकार आला. मामांना वाटलं, चुकून आपल्याकडे आला.

लग्नानंतर मी बरेच दिवस त्या होकाराच्या तोऱ्यात होतो. मेथांब्याने बाजी मारली, असं कारखान्यात सांगत सुटलो होतो. शेवटी एकदा वैशालीला विचारलंच. म्हटलं, खरं सांग, हो कशामुळे म्हणालीस? मेथांबा, की आठवीचं तोंडावर सांगितलं ते?

"मेथांब्याचं नाव काढू नका," ती म्हणाली. "आठवीचं सांगितलंत, ते बरं केलंत. पण मी त्याच्या आधीच ठरवलं होतं. बांधावर बसून तासभर तुमची वाकलेली पाठ बघितली. पाठ बरी वाटली."

"आणि चेहरा?"

"तो साखरपुड्यात दिसला. तोवर पेढे वाटून झाले होते."