सहा जणांचा रोट

सरलाबाईला कोणी काही बोललं की ती ते खरं धरून चालायची. एरवी त्या बाईत खोट काढायला जागा नव्हती, पण हा एकच गुण तिला पुरून उरला.

अमळनेरकडून लग्न होऊन ती सुरतेत आली, त्याला तीस वर्षं झाली. नवरा भिकन लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. तो छातीच्या दुखण्याने गेला. मुलगा ललित इच्छापोरला कंत्राटी कामावर जायचा आणि उरलेल्या वेळात ड्रम बडवायचा. भेस्तानला लूमचं एक खातं बंद पडलं होतं. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातंच म्हणतात. मालकाने यंत्रं भंगारात काढली, तेव्हा ललित आणि त्याच्या सात दोस्तांनी ते रिकामं शेड मागून घेतलं. भिंती काळ्या केल्या, त्यावर अंड्यांचे ट्रे चिकटवले, आणि दर रविवारी दुपारी तिथे पंक गाणी सुरू झाली. पंक म्हणजे काय, तर राग आला असेल तो लपवायचा नाही, घसा फाटेपर्यंत ओरडायचा. दारावर लिहिलं होतं : इथे कोणी शेठ नाही, कोणी नोकर नाही. पगार कोणालाच नाही, कामं वाटून घ्यायची, निर्णय सगळ्यांनी बसून घ्यायचे. वाचायला किती छान वाटतं!

दोन वर्षांपूर्वी हजिरा रोडवर ट्रकने ललितला उडवलं. घरी सरलाबाई रडायला लागली की समोरच राहणारी थोरली जाऊ, जेठाणी उषाबाई पाठीवर हात ठेवून म्हणायची, बस झालं, शेजारी ऐकतात. मग एका रविवारी दोस्तांनी त्याच्या नावाने कार्यक्रम ठेवला आणि तिला खात्यात नेलं. पोरं किंचाळत होती. तीही किंचाळली. पोटातून, पदर तोंडात न कोंबता, मनसोक्त. कोणी वळूनही पाहिलं नाही. इतकं मोकळं तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर सातही जणांनी तिला मिठी मारली आणि त्यांतली झरणा नावाची अडाजणची मुलगी रडत रडत म्हणाली, "मावशी, आजसे हम सातों तुम्हारे बेटे."

झालं. सरलाबाईने ते खरं धरलं.

त्या दिवसापासून ती दर रविवारी खात्यात. कामाचा तक्ता भिंतीवर इंग्रजीत होता. खिचडी आणि संडास या दोन रकान्यांत तिचं नाव पहिल्या महिन्यात पेन्सिलने लिहिलेलं होतं, पुढे ते पेनाने झालं आणि दाराची चावीही तिच्याकडेच आली. बैठकीला तिला कोणी बोलवत नसे. मावशीला कंटाळा येईल म्हणे! पोरांना विचारलं असतं तर पोरं म्हणाली असती, खातं म्हणजे स्वातंत्र्य. घरी बापाचं साड्यांचं दुकान मानगुटीवर बसलेलं, इथे आलं की सुटका. सरलाबाईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, खातं म्हणजे घर. पण विचारलं कोणी?

आता कानबाईचं सांगायला हवं. खानदेशी माणूस कुठेही पोट भरायला गेला तरी श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे कुळाची देवी, घरात बसवतो. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीचे, गहू मोजायची रीत ठरलेली असते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. तो रोट भाऊबंदांनीच खायचा, घरात बसून, शेवटच्या घासापर्यंत. परक्याला द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. पंडित हा सरलाबाईचा जेठ, भिकनचा थोरला भाऊ, उषाबाईचा नवरा. सगळ्या कुळाचा रोट त्याच्याकडे होई. भिकनची मूठ बंद झाली, मग ललितची झाली. दोन वर्षं सरलाबाई जेठाकडे गहू निवडायला बसत होती आणि त्या सुपात तिच्या घरचा एक दाणा नव्हता.

यंदा तिने पदर सावरून, जेठाच्या समोर उभं राहून सांगितलं, माझ्या घरच्या सात जणांच्या मुठी घाला.

"कोन सात?" पंडित म्हणाला.

तिने नावं सांगितली. त्यात गुजराती होते, दोन तर मुली होत्या. उषाबाईने तोंडावर हात ठेवला.

"मना रोटमा परकासना नाव चालाव नहीत," पंडित म्हणाला. "तुले करनं व्हई ते तुना घर कर. पन मंग मना उंबरा चढू नको."

"परका नहीत त्या. मना पोरे शेतस," सरलाबाई म्हणाली आणि घरी आली. भाऊबंदांतून आपण उठलो हे तिला पुरतं कळत होतं. जन्मभर खाली मान घालून वागलेली बाई, पण एकदा वर केलेली मान तिला पुन्हा खाली घालायची नव्हती.

कानबाईच्या आधीच्या रविवारी खात्यात तिने सगळ्यांना आवतण दिलं. रोटाची रीत समजावून सांगितली. तुमच्या नावाचे गहू घातले की तुम्हाला यावंच लागतं, हे तीनतीनदा बजावलं. "पक्का, मावशी! आना ही है," सगळे ओरडले. एकटा हितेश उठून तिच्याजवळ आला. त्याचं कुटुंब बौद्ध, वडील रेल्वेत, भुसावळहून आलेले.

"मावशी, आमच्याकडे देवीचं चालत नाही. माझ्या नावाचे गहू नका घालू," तो म्हणाला. "भेटायला येईन, पण रोट खाणार नाही. आधीच सांगतो, मग तुमचा जीव दुखायला नको."

जीव दुखलाच. पोटचं पोर कधी असं म्हणेल का? तिने त्याच्याशी बोलणं टाकलं आणि सहा जणांचे गहू दळून आणले.

कानबाईच्या रविवारी पहाटे उठून तिने चौरंग मांडला, नारळाची कानबाई केली, तिला डोळे लावले, नथ घातली. खीर केली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची भाजी केली, सहा जणांचा रोट भाजला. सहा ताटं मांडून दारात बसली. बारा वाजले. एक वाजला. समोरच्या ओट्यावर उषाबाई उगीचच तांदूळ निवडत बसली होती.

सव्वा वाजता झरणाची स्कूटर आली. सरलाबाई धावतच बाहेर गेली. "बाकीचे मागून येतात ना?"

"बाकीचे? अरे मावशी, तू अजून घरीच? आज बंगलोरचा बँड आहे! चावी तुझ्याकडे आहे, साठ माणसं बाहेर उभी आहेत. खिचडी टाकलीस ना?"

मग तिची नजर आत कानबाईवर गेली. "ओह, ते आज होतं!" तिने कपाळावर हात मारला, चप्पल काढली, फोन काढला आणि सगळं टिपून घेतलं : नथ, नारळ, सहा ताटं, सरलाबाईचा चेहरा. "कितना सुंदर है!"

"बस ना, दोन घास खा. तुझ्या नावाचा आहे," सरलाबाई म्हणाली. तिचा आवाज भिकाऱ्यासारखा झाला होता आणि तो तिचा तिलाच ऐकू येत होता.

"रस्त्यात खाते, पक्का." झरणाने चतकोर तुकडा कागदात गुंडाळला, चावी घेतली आणि निघाली. सरलाबाईला तिला अडवायचं सुचलंच नाही. गल्लीच्या तोंडाशी झरणाने एक चिमटी तोंडात टाकली. रोट कोरडा, कडक. उरलेला तिने एका कुत्र्यापुढे टाकला, तोही कौतुकाने. कुत्र्याने शेपटी हलवत खाल्ला. उषाबाईने ते पाहिलं आणि तांदळाचं सूप उचलून ती आत गेली. दार लावल्याचा आवाज गल्लीभर झाला.

पाचच्या सुमाराला दार वाजलं. हितेश होता. हातात डझनभर केळी. "बँड चालू असताना निघून आलो," तो म्हणाला. त्याने आतली सहा ताटं पाहिली. मग खाली बसायला लागला.

ज्यांच्यावर ओरडायचं होतं ते आले नव्हते. आलेला एकच होता, म्हणून तोच सापडला.

"उठ," सरलाबाई म्हणाली. "तुनं नाव मी काढी टाकं. तू मना कोनीच नही. जाय आते."

"मावशी, मी नुसता बसतो."

तिने केळी उचलून दाराबाहेर फेकली. हितेशने ती एकेक करून गोळा केली, तिच्याकडे न बघता, आणि गेला. पुन्हा तो तिच्याकडेही आला नाही आणि खात्यातही दिसला नाही.

रोट टाकता येत नाही. द्यायला कोणी नव्हतं. सरलाबाईने तो पाच दिवस खाल्ला. पाण्यात भिजवून खाल्ला, ओकारी दाबून खाल्ला, एकेका पोराचं नाव मनात घेऊन खाल्ला.

पुढच्या रविवारी ती खात्यात गेली. झरणाने काढलेला तिचा फोटो भिंतीवर लावला होता. सगळे मिठ्या मारायला धावले. "मावशी, आमच्यासाठी रोट ठेवलास की नाही?" कोणीतरी विचारलं.

"नाही. सगळा मीच खाल्ला."

"सहा जणांचा? एकटीने?" सगळे खो खो हसले, शिट्ट्या झाल्या, टाळ्या पडल्या. सरलाबाईही हसली, कारण इथून उठली तर जायला दुसरं दार उरलं नव्हतं. मग ती बादली घेऊन संडासाकडे गेली.