थोरलीची आक्का

भर जत्रेत माझा कर्णा बंद करायची हिंमत एकाच माणसात होती, ती म्हणजे आक्का. मी मुळगावचा, जत्राजत्रांतून कर्णा घेऊन फिरणारा. अजगराच्या तंबूबाहेर उभा राहून मी ओरडायचो, "या, या! जिवंत माणूस गिळणारा अजगर!" ऐन रंगात आलो की आक्का कनात सारून बाहेर यायची, खट्टकन बटण बंद करायची आणि लोकांना सांगायची, "खोटं हाय ते. हिनं कोंबडीबिगर काय खाल्लेलं न्हाई." लोक खो खो हसायचे आणि तिकीट काढून आत जायचे. माझी लाज गेली ती गेलीच!

आक्का बेळगावकडची. ही अजगराची मादी तिच्या सासऱ्याने पाळलेली. आक्का लग्न होऊन आली तेव्हा ती घरात होतीच, म्हणून तिचं नाव थोरली. "माझ्याआधी उंबरा ओलांडलाय तिनं," आक्का म्हणायची, "मान द्यायला नको?" पुढे सासरा गेला, नवरा गेला. घरात दोघीच उरल्या.

कर्ण्याचा थोरलीला त्रास होतो, असंही ती सारखी म्हणायची. एकदा मी चिडून विचारलं, "आक्का, सापाला कान तरी असतात का गं?"

"न्हाईत म्हणूनच सांगतोय न्हवं! ती पोटानं ऐकतीया. तुझा डबा जमिनीवर धडधडला की तिच्या पोटात धडधडतंय."

त्या दिवसापासून माझा स्पीकरचा डबा गवताच्या पेंढ्यांवर बसू लागला. इतर कर्णेवाले हसले. हसोत बापडे.

थोरलीच्या आंघोळीचं पाणी आक्का कोपर बुडवून बघायची, तान्ह्या मुलाचं बघावं तसं. कोणी बाई भक्तीने दुधाची वाटी घेऊन आली की तिला दारातच अडवायची. "दूध पोराला पाज जा. हिला पाणी पुरे." बाई रागावली तरी आक्का हटत नसे. आणि आमच्या गोव्यातला खरखरीत जांभा चिरा आक्काला भारी आवडायचा. कात टाकताना थोरलीला नाक घासायला तिने एक चिरा निवडून ठेवला होता. गावोगाव तो चिराही आमच्याबरोबर फिरायचा. उचलायचा कोणी? मी!

गोवा घटकराज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. पेडण्यातल्या एका जत्रेत थोरलीचे डोळे पेजेच्या निवळीसारखे पांढुरके झाले. कात टाकायची वेळ आली होती. आक्काने तंबू बंद केला. नेमकी त्याच दुपारी वनखात्याची जीप आली. साहेब तरुण होता, बोलायला मऊ. "बाये, कायद्याने अजगर पाळता येत नाही. आम्ही हिला प्राणिसंग्रहालयात नेणार."

आक्का रडली नाही, भांडली नाही. "न्या. पण कात पडूस्तवर हलवू नका. आता हिसके बसले तर कात फाटंल, डोळ्यांवरचं टरफल तसंच ऱ्हाईल. आंधळी होईल ती."

"किती दिवस?"

"आठ."

"आणि तू पळून गेलीस तर?"

"मी पळंन, साहेब. तिला कशी पळवू?"

साहेबाने बोटांवर दिवस मोजले. मग आठ दिवसांनी येतो म्हणून गेला.

दुसऱ्याच दिवशी तंबूचा मालक टेंपो घेऊन हजर. "आक्का, इथून हद्द हाकेवर! तासाभरात महाराष्ट्रात. चल." मीही तिच्या विनवण्या केल्या, खोटं कशाला सांगू? "जा गं बाय! आठ दिवसांनी ते खरंच नेतील तिला!"

"नेऊ देत की," आक्का म्हणाली. "उघड्या डोळ्यांनी रस्ता बघत तरी जाईल."

टेंपो रिकामा गेला. जत्रा उठली, खाजेवाल्यांनी मिठाईची दुकानं आवरली, मैदानात आमचाच तंबू उरला. आक्का रोज कोपराने पाणी बघत होती. चौथ्या दिवशी थोरलीचे डोळे निवळले. आठव्या दिवशी सकाळी तिने चिऱ्यावर नाक घासलं आणि उशीचा अभ्रा उलटा काढावा तशी कात निघत गेली, शेपटीपर्यंत अख्खी. आक्काने डोक्याकडचा भाग उजेडात धरून निरखला. "दोन्ही डोळ्यांची टरफलं आली बघ," ती म्हणाली. मला रडू फुटलं. त्यात लाज कसली!

जीप आली. थोरलीला आक्काने स्वतःच उचलून पेटीत ठेवलं. "पाणी कोपरानं बघून घाला," तिने साहेबाला सांगितलं, "आणि खड्ड्यांत गाडी सावकाश." साहेबाने खिशातून कागद काढून ते लिहून घेतलं. जीप उतारावरून इतकी हळू गेली, की मागून आलेला सायकलवाला तिच्या पुढे निघून गेला.

हातावर कात घेऊन आक्का रस्त्याकडे बघत उभी होती. जीप वळणाआड गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"लाव आता तुझा कर्णा," ती म्हणाली. "हवा तेवढा मोठ्यानं लाव."

डबा अजून पेंढ्यांवरच होता. माझा हात बटणापर्यंत गेला. पण आयुष्यात पहिल्यांदाच ते बटण माझ्याने दाबवेना.