तिरपा उजेड

बुलढाण्यात माझं फोटोचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी मी हट्टानं एक महागडी लेन्स घेतली, एक पॉइंट दोनची. हा आकडा जेवढा लहान, तेवढं लेन्सचं तोंड मोठं आणि तेवढा उजेड जास्त, ही आमच्या धंद्यातली बाराखडी. ज्यांच्या हाताखाली मी फोटो काढायला शिकले, त्या काकांना लेन्स दाखवायला मी तडक त्यांच्या गावी, देऊळघाटला गेले. दाखवायला कसली, मिरवायला!

काकांनी लेन्स उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "भिंतीचा फोटो काढ."

"एवढी लेन्स आणली काका, अन् भिंत?"

"काढ तं!"

काढला. चुन्याची पांढरी भिंत, स्वच्छ फोटो. मग त्यांनी बटण दाबून लेन्स कॅमेऱ्यावर केसभर फिरवली. ती पडली नाही, पण तिचा कॅमेऱ्याशी असलेला विजेचा संबंध तुटला. पडद्यावर तिच्या आकड्याच्या जागी नुसतं शून्य आलं. "आता काढ. बाकी कशालेच हात लावू नको."

भिंत तीच, उजेड तोच, लेन्सचं तोंड तेवढंच उघडं, आणि फोटो चक्क काळपट! मी चिडलेच. म्हटलं, तुम्हीच काहीतरी केलं.

"म्या नाही, तुह्या कॅमेऱ्यानं केलं. मोठ्या तोंडाची लेन्स वळखू आली का तो गुपचूप फोटो उजळून देते. नाही वळखू आली का खरं काय ते दाखवते."

"पण उजळायची गरज काऊन पडते?"

"वावरातली विहीर पाह्यली ना? बारा वाजता ऊन तळाले जाते, चार वाजता काठालेच अडते. आता फिल्मच्या जागी सेन्सर असते, त्याच्यावर अशा बारीक बारीक लाखो विहिरी हायेत. मोठ्या लेन्सच्या कडेनं येणारा उजेड तिरपा पडते, सगळा तळाले पोचत नाही. फिल्म म्हंजे अंगण व्हतं पोरी. ऊन कुठूनबी येऊ दे."

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी त्यांना येत नाही. फिल्मच्या जमान्यातली त्यांची एक पॉइंट दोनचीच लेन्स होती, विजेचा संबंधच नसलेली. नव्या कॅमेऱ्याला जोडायची कडी लावून ती बसवली, तर फोटो हिशेबापेक्षा काळे यायला लागले. दुसऱ्या कुणी लेन्स खराब म्हणून फुंकून टाकली असती. या माणसानं महिनाभर भिंतीचे फोटो काढले आणि कारण शोधूनच उठला. काकू म्हणायच्या, "लोकं नवरीचे फोटो काढतेत, आमचा माणूस चुन्याचे काढते!" मी मात्र त्या दिवशी मनातल्या मनात हात जोडले. निघताना ते म्हणाले, "दोनवर ठेवत जाय. त्याच्या खाली आकडा मिरवता येते, उजेड तेवढा भेटत नाही."

पुढे काकांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही किती दिवस टिकेल सांगता येत नाही. त्यातच मुलीचं लग्न गावच्या विहारात ठरलं. आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं टिपणाऱ्या या माणसाचा, आधार कार्डावरचा सोडला तर, स्वतःचा एकही फोटो नव्हता. मला म्हणाले, "पोरीजवळ उभा असलेला माहा एक फोटो काढ. नजर आहे तोवर पाहू दे मले." बस, एवढंच मागितलं त्यांनी.

वंदनेच्या वेळी फ्लॅश मारायचा नाही, हा नियम त्यांनीच आम्हाला घालून दिलेला. आता तर त्यांच्या डोळ्यांना चमक सोसतच नव्हती. त्यात ऐन वेळी लाइन गेली. उजेड दाराचा आणि बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्यांचा. मी माझ्या लेन्सनं कॅमेऱ्यात उजेडाची मापं लावून ठेवली, आणि मग मला शहाणपण सुचलं: काकांचा फोटो काकांच्याच जुन्या लेन्सनं काढू, नजर अधू झाल्यावर त्यांनी मला दिलेल्या! मापं तीच ठेवून लेन्स तेवढी बदलली.

त्रिशरण सुरू झालं. पहिला फोटो काळपट. दुसराही काळपट. पंचशील संपलं की फुलं पडणार, माणसं उसळणार, आणि काका लेकीजवळचे कुठल्या कुठे ढकलले जाणार. तेव्हा ती चुन्याची भिंत डोळ्यांपुढे आली. अगं वेडे, कॅमेरा या लेन्सला ओळखत नाही! तो गुपचूप करत होता ते मी उघड केलं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड उचलायची ताकद, स्वतः वाढवला. काका लेकीच्या अर्धं पाऊल मागे उभे होते. तोंड सताड उघडं ठेवलं तर एकच चेहरा स्पष्ट येणार, म्हणून लेन्स दोनवर आणली आणि त्यानं घटलेल्या उजेडासाठी आयएसओ आणखी चढवला. कोपर खांबाला टेकवलं, श्वास रोखला आणि बटण दाबलं.

आठवड्यानं मोठा फोटो करून नेला. काकांनी तो दारात उजेडाला धरला. बराच वेळ बघत राहिले.

"पोरगी चांगली आली. मी कुठं आहो?"

ते तर तिच्या शेजारीच होते.

"कडेचं दिसत नाही आता," ते शांतपणे म्हणाले. "माह्या डोळ्याचंबी त्या सेन्सरसारखंच झालं. समोरून येते तेवढंच पोचते."

मी फोटो चार बोटं डावीकडे सरकवला, त्यांच्या डोळ्यांच्या अगदी समोर.

"हे तुम्ही."

ते पाहत राहिले. मग बोटानं स्वतःच्या चेहऱ्यावरून लेकीच्या चेहऱ्यापर्यंत गेले आणि परत आले.

"दोनवर काढला ना?"

"हो काका."

"मंग बराबर," ते म्हणाले, आणि फोटो पुन्हा सरकवून लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर घेतला.