आईचे चिंचोके

मोताळ्याला मी शाळेत इंग्रजी शिकवते. साठी उलटल्यावर आईनं बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरला. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिची सगळी नोकरी झाली होती. कोणी शिक्षण विचारलं की "नववी" सांगावं लागे, ते तिला खटकायचं. बाकीचे विषय ती एकटीनं करायची. इंग्रजी माझ्याकडे.

बाजाराच्या दिवशी ती गावाहून एसटीनं यायची. माझ्या त्या दिवसाच्या यादीत भाजी, दळण, आईचा पाठ असं लिहिलेलं असे. पाठाला वीस मिनिटं.

'सर्वात' म्हणायचं तर शब्दामागे इस्ट लावायचं की आधी मोस्ट ठेवायचं, हे तिच्या ध्यानात राहीना. मी शब्दांची दोन रकान्यांत यादी करून दिली. तिनं तो कागद घडी करून ठेवला आणि पिशवीतून चिंचोके काढले. शब्द तोडून म्हणायचा, तुकड्यागणिक एक चिंचोका खाली ठेवायचा. अंगणवाडीतल्या पोरांना ती असंच मोजायला शिकवायची. टॉल, एक, इस्ट. ब्यु-टि-फुल, तीन, मोस्ट. दोन पडले की कधी इस्ट, कधी मोस्ट; तेव्हा ती माझ्याकडे पाहायची.

"मास्तरीणबाई, हॅपीचे दोन पडले. आता?"

"यादीत हाये ना आई. काऊन इचारून राह्यली?"

"यादी बोलत नाही न बाई. तू सांगतलं का ध्यानात राह्यते."

परीक्षा जवळ आली तेव्हा एका बाजारी माझ्यापुढे तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. दारात चप्पल काढत ती म्हणाली, "आज दोनवाले तेवढे सांग." मी मान वर न करता म्हटलं, "आज नाही. पुढच्या बाजारी पाहू."

"बरं," म्हणाली, आणि चहा न घेता तीनच्या गाडीनं परत गेली. चार दिवसांनी सकाळी पाणी भरताना पडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

इंग्रजीचा पेपर झाला त्या दिवशी मी प्रश्नपत्रिका घरी आणली. इस्ट-मोस्टचा एकच प्रश्न होता, एका गुणाचा. मी आईच्या पिशवीतले चिंचोके काढून त्यातला शब्द मांडला. चार पडले. हे तिला आलं असतं. दोनवाला शब्द कुठेच नव्हता.

मग मी पेन घेतलं आणि तिला जमलं असतं अशा प्रत्येक प्रश्नापुढे खूण करत गेले. पास होण्यापुरते गुण भरले, तरी शेवटच्या प्रश्नापर्यंत करत राहिले.