पहिलं पान

"मॅन्युअल राहू दे रे, कॉन्व्हेंटवाल्या बाईंनी लिहिलंय, इंग्लिश तेवढं चांगलं असेल," सिनियर म्हणाला आणि लवळ्याच्या आमच्या तापलेल्या लॅबमध्ये सगळे हसले. त्या बाई म्हणजे मी; मी मान खाली घातली. आमच्या ओपन सोर्स राउटिंग सॉफ्टवेअरचं नवं मॉड्यूल तो टेकडीखालच्या हॉस्टेलच्या राउटरवर इथूनच चढवत होता. नवं सुरू होण्याआधी जुनं बंद केलं, तर तिथलं नेट जातं आणि आपलाही संपर्क तुटतो, हे मी मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. हॉस्टेलमध्ये मुली त्या वेळी नोकरीची ऑनलाइन परीक्षा देत होत्या. नवं अजून सुरू झालेलं नसतानाच त्यानं जुनं बंद करायची कमांड टाइप केली. त्याचं बोट एंटरकडे गेलं तेव्हा मी म्हणाले, "दादा, थांब. आधी पहिलं पान वाच."