हाड म्हटलं की येणारा कुत्रा

सासू विहिरीत पडली तेव्हा तिच्या तोंडातली शिवी अर्धीच झाली होती. उरलेली अर्धी तिने पाण्यातून डोकं वर आल्यावर पुरी केली. शिवी कुत्र्याला होती. कुत्रा विहिरीच्या काठावर उभा राहून खाली बघत शेपटी हलवत होता.

पाणी तिच्या छातीपर्यंत होतं, म्हणजे बुडायची भीती नव्हती. मी काठावर पालथी पडून "आये, दोरी धर! दोरी धर!" म्हणून ओरडत होते. पण तिचं दोरीकडे लक्षच नव्हतं. ती दोन्ही हातांनी कपाळ बडवत होती.

"माका दिसलो गो! पाण्यात माका कुत्र्याचा तोंड दिसला! मी मरतलंय!"

ही भानगड नीट कळायची तर कुत्रा आमच्याकडे कसा आला इथपासून सांगायला हवं.

माझं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. आमचं घर मालवणच्या पुढे, किनाऱ्याला लागून. नवरा आणि दीर होडीवर जायचे, सासू आणि मी मासे विकायचो आणि उरलेले सुकवायचो. सुकत घातलेल्या माशांवर कावळे आणि मांजरं फार. म्हणून नवऱ्याने एकदा विजयदुर्गाकडून येताना पंच्यात गुंडाळून कुत्र्याचं पिल्लू आणलं. म्हणाला, "राखण करीत. फुकट गावला."

फुकट मिळालेल्या वस्तूसारखी महाग वस्तू नाही. त्याने कावळ्यांना हाकललं हे खरं, पण कावळ्यांनी जेवढं खाल्लं असतं त्याच्या दुप्पट स्वतः खाल्लं. शिवाय सासूची वहाण, दिराची टोपी, माझ्या माहेरून आलेली नवी सुंभाची दोरी आणि शेजारच्या काकीच्या खुराड्यातली अंडी. काकीची अंडी भरून देताना आमच्या कोंबड्यांची पिल्लं व्हायची थांबली. घरात कोणी कुत्र्याचा विषय काढला की सासू माझ्याकडे बघायची, जसा काही मी तो माहेरून आणला होता.

त्याला नाव कोणी ठेवलं नाही. पण त्याने स्वतःचं ठेवून घेतलं. सासू मासे कापायला बसली की तो जवळ यायचा. ती "हाड! हाड!" ओरडायची आणि हाताला लागेल ते त्याच्या अंगावर फेकायची. मासे कापणाऱ्या बाईच्या हाताला काय लागणार? माशाचं डोकं. पाच-सहा महिने हे रोज चाललं. कुत्र्याच्या मनाने पक्कं घेतलं की आपलं नाव हाड, आणि ती बाई हाक मारते तेव्हा जेवण तयार असतं.

त्यामुळे पुढे असं झालं की त्याला "यू यू" म्हणून बोलावलं तर तो ढुंकून बघायचा नाही, आणि "हाड" म्हटलं की कान मागे टाकून धावत अंगावर यायचा. मी हे सासूला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "तू माका शिकव नको. कुत्र्याक हाड नाय म्हणूचा तर काय ये बाबा म्हणूचा?"

मग व्हायचं ते झालं. एका सकाळी ती खराटा घेऊन अंगण झाडत होती. कुत्रा दूर माडाखाली होता. त्याने नुसती जांभई दिली. ती ओरडली, "हाड!" तो उठून निघाला. ती आणखी मोठ्याने ओरडली, तो आणखी जोरात आला. तिने खराटा उगारला, तो वळसा घालून तिच्या मागे गेला, आणि मागे सरताना तिचा पाय त्याच्याच शेपटीवर पडला. त्याने तिच्या पोटरीला दात लावले.

रक्त थोडंच आलं. पण बघता बघता सगळी वाडी अंगणात जमली आणि सगळ्यांचं एकच मत पडलं. हाड म्हटल्यावर चांगला कुत्रा पळतो. हाड म्हटल्यावर अंगावर येतो तो पिसाळलेला. मी म्हटलं, अहो, त्याचं नावच ते आहे. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

कोणी हसत नव्हतं, कारण पलीकडच्या वाडीत एक माणूस आधीच्या वर्षी असाच कुत्रा चावून गेला होता. त्याला पाण्याचा तांब्या समोर धरला तरी तो भिंतीला चिकटायचा. सासूने ते स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं. ती ओसरीवर जाऊन बसली. मग दिराला हाक मारून म्हणाली, "काळोख पडाच्या आधी त्या कुत्र्याक मारून पुर." काकीने जखमेत मिरचीची पूड भरली तेव्हा मात्र ती किंचाळली. चावला तेव्हासुद्धा ती एवढी ओरडली नव्हती.

काकीनेच सांगितलं की सात विहिरी बघायला हव्यात. आमच्याकडे कुत्रा चावलेल्या माणसाला सात विहिरींत डोकवायला लावत. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर बरं. कुत्र्याचं दिसलं तर विष चढलं, माणूस हातचा गेला.

तेव्हा आम्ही निघालो. पुढे लंगडणारी सासू, तिच्या हाताला धरून मी, मागे काकी, आणि सगळ्यांच्या मागे कुत्रा. दीर त्याला मारायला काठी शोधत घरामागे गेला होता, तोवर हा आमच्याबरोबर आला. काकीने त्याला बघितलं आणि ओरडली, "हाड!" झालं. तो खूश होऊन आणखी जवळ आला. वाटेत जो भेटेल तो त्याला हाड म्हणायचा. त्या दिवशी त्याचा जेवढा मान झाला तेवढा गावच्या जत्रेत मानकऱ्यांचा होत नाही.

सहा विहिरींत सासूला आपलं तोंड दिसलं. प्रत्येक वेळी ती "मीच आसंय," म्हणायची आणि पदराने तोंड पुसायची. सातवी विहीर होती तिच्या वैरिणीची. कुंपणाजवळच्या एका माडावरून दोघींचं बोलणं बंद होतं, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. पण जवळपास आठवी विहीर नव्हती. "ती भायर येवच्या आधी बघून सुटतंय," म्हणत सासू घाईघाईने काठावर ओणवी झाली. त्या विहिरीला कठडा नव्हता. सासूने आत बघितलं. कुत्र्याला वाटलं, एवढं वाकून बघतात म्हणजे आत काहीतरी खाण्यासारखं आहे. त्यानेही तिच्या खांद्याशी येऊन मान खाली घातली.

पाण्यात दोन तोंडं दिसली. सासूने एकच बघितलं.

ओरडण्याने विहिरीची मालकीण बाहेर आली. तिने आत वाकून बघितलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "विहीर बघूक सांगतत. आंघोळ करूक नाय सांगणत." मग तिनेच तिच्या माडावरच्या नारळ काढणाऱ्याला खाली उतरवलं. त्याने दोर कमरेला बांधून आत उडी घेतली आणि सासूला वर काढलं. सासू वर आली, वैरिणीकडे न बघता साडी पिळली आणि मला म्हणाली, "माका पाण्यात कुत्रो दिसलो. माझ्या झिलाक सांभाळ, तुझ्या नवऱ्याक."

मी म्हटलं, "आये, तो खरोच कुत्रो होतो. तुझ्या बाजूक उभो होतो."

"तू माका बरा वाटूचा म्हणान सांगतंस."

"काकीक विचार."

काकी म्हणाली, "मी डोळे मिटले होते गो."

पडताना तिचा हात दुखावला होता, म्हणून काकीने आणि मी तिला बैलगाडीत घालून मालवणला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मोठे शांत होते. त्यांनी हात बघितला, मुरगळला आहे म्हणाले. पोटरीतली मिरची धुताना मात्र त्यांचाही चेहरा लाल झाला. मग विचारलं, "कुत्रा कुठे आहे?"

सासू म्हणाली, "त्याका मारूक सांगलंय."

"अहो, मारू नका! त्याला बांधून ठेवा आणि दहा दिवस लक्ष ठेवा. पिसाळलेला असेल तर तेवढ्यात मरेल. जगला तर तुम्हाला काही भीती नाही."

सासू बसल्या जागी पुढे सरकली. "म्हणजे तो जगलो तर मी जगलंय?"

"हो."

"आणि मेलो तर?"

"तर पोटात चौदा इंजेक्शनं. औषध बाहेरून मागवावं लागेल."

"आणि कोणी मारल्यान तर?"

"मग तो पिसाळलेला होता की नव्हता ते कळणार नाही. मग इंजेक्शनं घ्यावीच लागतील."

माझी सासू, जिला थोड्या वेळापूर्वी गाडीतून उतरवायला दोन माणसं लागली होती, ती धावत जाऊन गाडीत चढली. सबंध वाट ती गाडीवानाला आणि बैलांना सारख्याच शिव्या देत होती. घराजवळच्या सुरूच्या बनाशी आलो तेव्हा दीर समोरच दिसला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, आणि गोड आवाजात "यू यू, यू यू" करत फिरत होता. कुत्रा कुठेच दिसत नव्हता.

सासू चालत्या गाडीत उभी राहिली. "मारू नको रे! मारू नको!"

वारा समुद्राचा होता. त्याने 'नको' तेवढं उडवून नेलं. दिराने काठी वर करून दाखवली. "व्हय आये, मारतंय! गावांदे तर खरो!"

मी गाडीतच बसून हसायला लागले. तिकडे सासूचा जीव टांगणीला लागलेला आणि सून खिदळते. पण हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणून काकीला वाटलं मी रडते आहे, आणि ती माझी पाठ थोपटू लागली. तेवढ्यात सासू खाली उतरली. मी सांगितलेलं तिला कधी ऐकू आलं होतं कोण जाणे. तिने पदर खोचला, तोंडाभोवती हात धरले आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडली.

"हाऽऽड! हाड रे बाबा, हाड! हाड माझ्या राजा!"

पालथ्या घातलेल्या होडीखालून कुत्रा बाहेर आला आणि थेट तिच्या पायांशी जाऊन बसला.

मग आमच्या घरी कुत्र्याचं राज्य सुरू झालं. त्याला ओसरीच्या खांबाला बांधला आणि सासूने आपलं अंथरूण शेजारी घातलं. सकाळी पेज, तीही आधी त्याची. दुपारी भात आणि मासा. नवऱ्याने एक सुरमई आणली होती. जेवताना त्याने ताटात बघितलं आणि म्हणाला, "आये, माका शेपटी आणि कुत्र्याक मधली तुकडी?"

"तू मेलंस म्हणान माझ्या पोटात सुया टोचूच्या नायत. तो मेलो तर टोचतले. गप जेव."

दोघांचं पाणी पिणं हा दिवसभराचा उद्योग झाला. सासू त्याच्यापुढे पाण्याची करवंटी ठेवायची आणि स्वतः तांब्या घेऊन बसायची. तो प्यायला की ती प्यायची, आपल्यालाही पाण्याची भीती वाटत नाही ना, हे बघायला. दोघं एकमेकांकडे बघत घोट घेत. ती दिवसात एवढं पाणी प्यायची की रात्री मला दहा वेळा कंदील घेऊन तिच्याबरोबर बाहेर जावं लागायचं. कुत्र्यापायी माझी झोप गेली ती अशी.

आणि मुदत सरत आली असताना एका सकाळी त्याने पेजेला तोंड लावलं नाही. पाणीही नाही. मान टाकून पडून राहिला. दोर दातांनी तोडलेला होता, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. सासूने सुरमई आणायला लावली, तो हुंगून परत निजला. तिने गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, कोंबडा नवसाला बोलला. मग दोन बोलले. दुपारी तिने मला जवळ बोलावलं आणि पेटीची किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हा मला हसू आलं नाही. ती मेली तर या घरात माझ्याशी भांडायला कोण राहील, असं काहीतरी मनात आलं.

एवढ्यात कुंपणापलीकडून आरडाओरडा ऐकू आला. सातव्या विहिरीची मालकीण तरातरा अंगणात आली. एवढ्या वर्षांत तिने आमच्या अंगणात पाय टाकला नव्हता.

"खंय आसा तुमचो तो कुत्रो? सकाळीच माझे बांगडे खाल्ल्यान! अर्धे सुकलेले, सबंध चटई! एक ठेवल्यान नाय!"

सासू हळूहळू उठली. "सगळे खाल्ल्यान?"

"सगळे!"

"डोकी पण?"

"डोकी पण! आता काय हसतंस?"

सासूने जाऊन तिला मिठीच मारली. ती बाई लाकडासारखी ताठ झाली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हिका खराच विष चढला काय गो?" सासूने मला माळ्यावर चढवून आमचे सुकवलेले बांगडे काढायला लावले, आणि एका चटईला दोन चटया भरून दिल्या. ती बाई "इतके नको" म्हणत होती आणि ओटी पसरत होती.

संध्याकाळी खारवलेल्या पोटाने कुत्रा जागा झाला आणि त्याने घंगाळभर पाणी संपवलं. सासूनेही तांब्या तोंडाला लावला, पण तिला हसू आल्यामुळे ते सगळं तिच्या नाकातून बाहेर आलं.

डॉक्टरांनी दिलेले दिवस संपले. सासू जगली. कुत्राही जगला.